पुस्तक, विणकाम आणि घरकाम: तिन्ही सांभाळायचं कसं (नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी)

टाइमटेबल करून हे जमत नाही, हे पहिल्यांदाच सांगून टाकते. सकाळी सहा ते सात वाचन, दुपारी तीन ते चार विणकाम असं वहीत लिहायला लई छान वाटतं, पण सहाला नळाला पाणी येतं, तीनला सिलिंडरवाला बेल वाजवतो, चारला कोणीतरी सहज म्हणून टपकतं आणि आठवड्याभरात ती वही ड्रॉवरच्या तळाला. मग म्हणायचं, आम्हाला कुठला ओ वेळ. वेळ असतो की, पण सलग नसतो, दहा मिनिटं इथं वीस मिनिटं तिथं असा असतो, आणि कुठल्या तुकड्यात काय बसवायचं हे कळलं की निम्मं जमलं.

हे मी घर सांभाळणाऱ्या बायकांना डोळ्यापुढं ठेवून लिहितेय, पण पुरुष मंडळींनीही वाचावं. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड मास्तर आहेत, क्रोशाचे रुमाल असे करतात की बघत राहावं.

१. घड्याळ बाजूला ठेवा, डोळे-हात-कान बघा

घरातल्या कुठल्याही कामाला एकच प्रश्न विचारायचा, ह्यात माझं काय काय अडकतं? भाकरी थापताना हात आणि डोळे दोन्ही अडकतात पण कान मोकळे. भांडी घासताना तेच. मेथी निवडताना हात अडकतात, डोळे अर्धेमुर्धे. कुकर लावला की काहीच अडकत नाही, फक्त शिट्ट्या मोजायच्या. वॉशिंग मशीन चालू असताना तर तुम्ही मोकळ्याच.

आता पुस्तकाला डोळे लागतात, विणकामाला हात लागतात आणि (सोपं असेल तर) डोळे फार लागत नाहीत. म्हणजे जोड्या आपोआप लागतात:

- भाकरी, भांडी, केर-फरशी, इस्त्री: कानाने पुस्तक. मराठीत आता ऑडिओबुक भरपूर आहेत, स्टोरीटेलसारखी अ‍ॅप आहेत, पैसे नसतील घालायचे तर रेडिओ लावा.
- मुलांचा अभ्यास घेणं, टीव्हीवरची सिरियल, फोनवर आईशी बोलणं, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत: सोपं विणकाम.
- मशीन फिरतंय, कुकर गार होतोय, मुलं ट्यूशनला: हातात धरून वाचायचं पुस्तक.
- रात्री सगळं सामसूम झाल्यावर: ज्याला डोकं लागतं ते. म्हणजे डिझाइनचं विणकाम किंवा जड पुस्तक, दोन्हीतलं एकच.

दूध तापत ठेवून पुस्तक उघडायचं नाही, ह्याला अपवाद नाही. आणि विणकाम घेऊन गॅसजवळ उभं राहायचं नाही. बाजारात मिळणारी बरीच स्वस्त लोकर अ‍ॅक्रिलिकची असते, ती आचेला वितळते आणि वितळून कातडीला चिकटते. कुकरच्या शिट्ट्या बाहेरच्या खोलीत बसून पण ऐकू येतात.

२. सामान काय लागेल

विणकामाचं:
- सुयांच्या दोन जोड्या, ८ नंबर आणि १० नंबर. आपल्याकडं नंबर वाढला की सुई बारीक होते, ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन मिमी. ऑनलाइन मागवताना हे बघा, तिथं नुसते मिमी लिहिलेले असतात आणि ८ मिमीची सुई घरी आली तर ती बोटाएवढी जाड निघते.
- एक क्रोशाची सुई. क्रोशा करत नसलात तरी घ्या, कशाला ते पुढं सांगते.
- टेप, छोटी कात्री, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, चार सेफ्टी पिना.
- एक कापडी पिशवी, चेनची. ही सगळ्यात महत्त्वाची.

वाचनाचं:
- ग्रंथालयाचं कार्ड. त्यासाठी आधार कार्डाची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा, दोन पासपोर्ट फोटो आणि थोडी अनामत रक्कम घेऊन जा, साधारण सगळीकडं हेच मागतात. वर्गणीचे प्रकार असतात, एका वेळी किती पुस्तकं आणि मासिकं मिळणार त्यावर, ते काउंटरवर नीट विचारून घ्या.
- कपडे वाळत घालायचे दोन मोठे चिमटे, पुस्तक उघडं ठेवायला. महागाचा बुकस्टँड लागत नाही.
- इअरफोन, एकाच कानात घालायचा. दुसऱ्या कानाला बेल, शिट्टी आणि "आई" ऐकू यायला पाहिजे.

३. एका वेळी दोनच विणकामं

इथं बहुतेक जणी अडकतात. व्हिडिओ बघून उत्साहात टोपरं सुरू करायचं, मग कुणाचातरी स्वेटर आवडला म्हणून तो सुरू, मग तोरण, आणि वर्षाअखेर कपाटात पाच अर्धवट वस्तू आणि एकही पूर्ण नाही. दोनच ठेवा. एक बिनडोक, एक डोकेवालं.

बिनडोक म्हणजे न बघता होणारं. सगळ्या ओळी सुलट अशी मफलर (सुलट आणि उलट हे विणकामाचे दोन मूळ टाके), किंवा गोल सुईवर, म्हणजे वायरीने जोडलेल्या दोन सुयांवर, गोल-गोल फिरत जाणारी टोपी. गोल सुईवर उलट टाके घालावेच लागत नाहीत, नुसतं सुलट-सुलट, त्यामुळं हात आपोआप चालतो आणि चिमट्याने उघडं ठेवलेलं पुस्तक समोर ठेवून वाचतासुद्धा येतं. लगेच नाही येणार, पण एक मफलर पूर्ण होईपर्यंत बोटांना टाका कळायला लागतो. डोकेवालं म्हणजे वेण्या, जाळी, गळ्याचे-बाह्यांचे टाके कमी करणं. ते पिशवीतनं बाहेर काढायचं नाही, रात्रीच.

आणि सुरू करायच्या आधी एकदा गणित करा. समजा ८ प्लायची (प्लाय म्हणजे लोकरीच्या जाडीचं माप) लोकर, ८ नंबरच्या सुया, ४० टाके. साधारण सात-साडेसात इंच रुंद होते. पाच फूट मफलर म्हणजे ६० इंच, सगळ्या ओळी सुलट असतील तर इंचाला साधारण दहा ओळी पडतात, म्हणजे ६०० ओळी. नवशिक्या हाताला एका ओळीला दोन मिनिटं धरा. १२०० मिनिटं झाली, म्हणजे वीस तास. रोज अर्धा तास मिळाला तर चाळीस दिवस! हे आधी माहीत असलं की "पंधरा दिवस झाले अजून संपेना" म्हणून रडायची वेळ येत नाही, आणि भाच्याच्या बारशाला आठ दिवस असताना स्वेटर कबूल करायची पण येत नाही. आठ दिवसांत टोपरं होतं, तेवढंच कबूल करा.

पुस्तकाचं पण तसंच. एका पानाला दोन मिनिटं धरली तर रोज वीस मिनिटांत दहा पानं, तीनशे पानांचं पुस्तक महिनाभर. म्हणून ग्रंथालयातनं जाडजूड पुस्तक उचलताना परत करायची तारीख बघूनच उचला, आणि सुरुवातीला कथासंग्रह घ्या, एक कथा एका बैठकीत संपते. परत देताना दंड भरायचा आणि पुस्तक अर्धवट, असं दोन्हीकडनं होत नाही मग.

४. लोकर घेताना

आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडला जाणार असाल तर मंगळवार, शुक्रवार आणि सुट्टीचे दिवस टाळा, अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते आणि गाडी लावायला जागा मिळता मिळत नाही. शिवण-विणकामाच्या सामानाची दुकानं विचारत गेलं की सापडतात. रंगाचं खरं रूप दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये कळत नाही, लडी घेऊन दारात या आणि उजेडात बघा, दुकानदार काही म्हणत नाहीत.

लेबलवर रंगाच्या नंबराशिवाय अजून एक नंबर असतो, लॉट नंबर. लोकरीच्या सगळ्या गुंड्यांवर तो एकच आहे का बघा. रंग तोच पण लॉट वेगळा असला की विणल्यावर मधोमध पट्टा उठतो, आणि तो आधी दिसत नाही, स्वेटर घालून उन्हात गेल्यावर दिसतो. म्हणून एक गुंडी जास्तच घ्या. लहान मुलाच्या स्वेटरला दोनशे ग्रॅम, मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला चारशे-पाचशे ग्रॅम हा ढोबळ अंदाज.

तान्ह्या बाळासाठी असेल तर टोचणारी लोकर नको, गालाला लावून बघा. फार मोठ्या भोकांची जाळी पण नको, बाळाची बोटं अडकतात.

५. मध्येच उठायचं कसं

खरंतर ह्या सगळ्या लेखातली कामाची गोष्ट हीच. घरात विणायचं म्हणजे दर दहा मिनिटांनी उठायचं, आणि उठून परत येण्यातच वस्तू बिघडतात.

शक्यतो ओळ संपवून उठा. "आलो आलो" म्हणत ओळ संपवायला दोन मिनिटं पुरतात. नाहीच जमलं आणि ओळीच्या मध्येच उठलात तर परत आल्यावर कुठल्या बाजूला जायचं ते असं ओळखा: गुंडीची दोरी ज्या सुईवरच्या टाक्यातनं निघतेय ती सुई उजव्या हातात धरायची. उलट धरली तर तुम्ही आल्या वाटेने परत विणत जाणार आणि एका बाजूला दोन ओळी जास्त, फुगवटा येतो, तो धुऊन इस्त्री करून पण जात नाही, उसवावंच लागतं.

उठताना टाके सुयांच्या मागच्या टोकाकडं ढकला आणि टोकांना रबरबँड गुंडाळा. मग सगळं पिशवीत आणि चेन बंद. सोफ्यावर तसंच टाकलं तर कोणीतरी त्याच्यावर बसतं, आणि ते कोणीतरी नेहमी घरातलं सगळ्यात वजनदार माणूस असतं.

एवढं करून टाका सुटलाच तर घाबरू नका. सुटलेला टाका खाली उसवत जातो आणि शिडी तयार होते, आडव्या दोऱ्यांची. आधी त्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा, तिथंच थांबतो तो. मग एक ओळ सुलट एक ओळ उलट असं विणलेलं असेल तर सुलट बाजू आपल्याकडं घ्या, क्रोशाची सुई पुढून टाक्यात घाला, त्याच्या लगेच वरची आडवी दोरी आकड्यात पकडा आणि टाक्यातनं पुढं ओढून घ्या, एक पायरी वर आलात. असं एकेक पायरी करत वर यायचं आणि शेवटी टाका डाव्या सुईवर चढवायचा. क्रोशाची सुई घ्या म्हटलं ते ह्यासाठी.

कितवी ओळ चाललीय ते डोक्यात ठेवू नका, पिशवीत कागद-पेन्सिल ठेवा आणि ओळ झाली की एक रेघ मारा. पुस्तकात पण खूण घालूनच उठा, विणकामाची सुई खूण म्हणून घालायची नाही, बाइंडिंग फाटतं, आणि ग्रंथालयाचं असलं तर भरपाई.

६. हात धुणं

लहान गोष्ट पण लई त्रास देते. लसूण सोलून, भाजी चिरून तसंच विणायला बसलं की लोकरीला तो वास बसतो. हळदीचा डाग फिकट लोकरीवर पडला तर साबणाने धुऊन उन्हात ठेवा, हळद उन्हाने उडते. तिखटाचं मात्र सांभाळा. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची असते ना, ब्याडगी-संकेश्वरी मिरच्या वाळत घातलेल्या, कांदा-खोबरं भाजणं चाललंय, कांडपावरनं डबे आलेत, त्या आठवड्यात पिशवी कपाटात बंद ठेवा. ती बारीक पूड हवेतनं लोकरीत बसते आणि मग ती टोपी बाळाच्या डोक्यावर जाते. तेवढे दिवस नुसतं ऐकायचं पुस्तक. चटणी करताना ऐकायला तसं मस्तच वाटतं, हात लाल आणि कानात रहस्यकथा.

७. घरच्यांना कामाला लावा

हे मी मुद्दाम उशिरा लिहितेय, कारण हे आधी लिहिलं की पुढचं कोणी वाचत नाही.

वाचायला वेळ मागायचा नसतो, काम द्यायचं असतं. "मला जरा वाचू दे" म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि पाच मिनिटांनी "अगं टॉवेल कुठाय". त्यापेक्षा ठरवून एक अख्खं काम द्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. म्हणजे अहोंना "भाजी आणा" नाही, तर आठवड्याची भाजी काय संपलीय बघणं, लक्ष्मीपुरीत जाऊन आणणं, धुऊन निवडून फ्रीजमध्ये लावणं, सगळं त्यांचं. पहिल्यांदा दीड किलो वांगी येतील. येऊ द्यात, काही बोलायचं नाही, वांग्याचं भरीत करा. बोललात की काम परत तुमच्याकडं.

मुलांना वयाप्रमाणे, वाळलेले कपडे घडी करणं, पाण्याच्या बाटल्या भरणं. सासूबाई असतील तर त्यांना विणकामात ओढा, बऱ्याच सासूबाईंना आपल्यापेक्षा चांगलं येतं, शाळेत शिकलेल्या असतात आणि कोणी विचारलेलंच नसतं. "आई, ही बाही कशी कमी करायची ओ?" विचारून बघा, संध्याकाळची भाजी त्या दिवशी कोण करतं ह्यावर वाद होत नाही.

आणि घर रोज चकाचक पाहिजे हा हट्ट सोडा. रोज करायचं ते केर, भांडी, ओटा. बाकी पंखे, जाळ्या, कपाटं आठवड्याला एक. पाहुणे आले तर कपाट उघडून बघत नाहीत.

८. कोल्हापूरच्या हवेप्रमाणे वर्ष लावा

आपल्याकडं थंडी फार लांब नसते. मी अंबाबाईच्या किरणोत्सवावरनं (मावळतीची किरणं देवीवर पडतात तो) हिशोब धरते, नोव्हेंबरातला ९ ते ११ तारखेचा आणि नंतरचा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीचा, ह्या दोन्हीच्या मधेच काय ते स्वेटर अंगात राहतात. म्हणजे मोठ्या माणसाचा स्वेटर घालायला मिळायचा असेल तर तो गणपती गेले की लगेच सुरू पाहिजे. दिवाळीनंतर सुरू केलात तर पुढच्या वर्षीसाठीच समजा.

दिवाळीत विणकाम थांबवाच. फराळ, साफसफाई आणि त्यात दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला ही सवय लागलीय, आणि अंकातला एकेक लेख वीस मिनिटांत होतो, फराळाच्या दिवसांत तेवढंच जमतं. सगळे विकत घेत बसू नका, बरीच ग्रंथालयं दिवाळी अंकांची वेगळी योजना ठेवतात. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून आहे, इतकं जुनं ग्रंथालय आपल्या गावात असून आपण मोबाइलवर रील बघत बसतो, असो.

पावसाळा वाचायला उत्तम, पण जून ते सप्टेंबर लोकर आणि पुस्तकं दोन्हीला दमट हवा बाधते. पुस्तकं भिंतीला चिकटून लावू नका, मागं चार बोटं जागा सोडा, नाहीतर ओल येऊन बुरशी धरते. लोकर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. ऊन पडलं की दोन्ही बाहेर, पण सावलीत. आणि पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर खालचा कप्पा रिकामाच ठेवा, २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने कुणाकुणाच्या घरात काय केलं ते वेगळं सांगायला नको.

उन्हाळ्यात मांडीवर स्वेटरचं ओझं घेऊन बसवत नाही, तेव्हा सुती दोऱ्याचं क्रोशा. प्रवास असेल तर चंगळच, कोयना एक्सप्रेसने मुंबईला निघालात तर दिवसभर खिडकीपाशी बिनडोक विणकाम आणि कानात गोष्ट, जेवणाचा डबा तेवढा तेलकट नको.

९. मान, मनगट, डोळे

अर्ध्या तासाच्या वर सलग विणू नका. उठा, पाणी प्या, मनगटं फिरवा. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर दोन-चार दिवस पूर्ण बंद, तरी थांबेना तर डॉक्टरांना दाखवा, नुसतं बाम चोळत बसू नका. काळी लोकर रात्री विणायची नाही, टाके दिसत नाहीत.

१०. वस्तू संपवा

विणून झालं म्हणजे झालं नव्हे. बाजूंची शिलाई राहिली, धाग्यांची टोकं राहिली, बटणं राहिली, असं करून तयार स्वेटर महिनोन्‌महिने पिशवीत राहतो. टोकं तिथल्या तिथंच बोथट सुईने आत ओवून टाका, नवी गुंडी जोडली की लगेच, शेवटाला ठेवू नका. बाळाचे मोजे किंवा हातमोजे असतील तर उलटे करून आत एकही सुटा धागा नाही ना ते बोट फिरवून बघा, असा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडतं, बाळ रडतं आणि का रडतंय कळत नाही.

धुताना कोमट पाणी, थोडा शाम्पू, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून सावलीत वाळवायचं. दोरीवर टांगलात तर ओल्या वजनाने लांबत जातो आणि छातीचा स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो. कुणाला भेट देणार असाल तर हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्या, लोकरीचं लेबल पण त्यालाच टाचा, नाहीतर तिकडं तो पहिल्याच आठवड्यात गरम पाण्याच्या मशीनमध्ये जातोय.